राउटरची पूजा

राजेश्वरीबद्दल मी तोलूनमापून लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मी तिच्या बाजूचा आहे. संगमनेरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात तिचा चुलतभाऊ सूर्यभान कॉम्प्युटर गेमचं सेंटर चालवायचा. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो, पण त्या गृहस्थाने मला कधी काका म्हटलं नाही की भाऊ म्हटलं नाही. "ओ झेरॉक्स, गाडी सरकवा जरा," हीच त्याची हाक. तेव्हा त्याच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

राजेश्वरी ही भिमाजीची थोरली मुलगी. भिमाजी आणि सूर्यभानचे वडील सख्खे भाऊ, प्रवरेकाठी दोघांची शेती आणि गोठे शेजारी शेजारी. पोरीने इथेच कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. अंगाने बारीक, आवाज मऊ, बोलताना समोरच्याकडे बघून हसणार. नवख्याला वाटावं, किती गरीब स्वभाव. मी रागावलो की ओरडतो आणि चहा येईपर्यंत विसरून जातो. ती ओरडत नाही, त्यामुळे विसरतही नाही.

तिच्या आत्याचा किस्सा सगळ्या भावकीला माहीत आहे. एका अक्षय्य तृतीयेला भरल्या पंगतीत आत्या म्हणाली की राजूची पुरणपोळी म्हणजे फाटकी गोधडी. पंगत हसली, राजेश्वरीही हसली. त्यानंतर घरात जेव्हा जेव्हा पुरण शिजलं, तेव्हा सगळ्यांच्या ताटात पुरणपोळी आणि आत्याच्या ताटात साधी चपाती. वर तूप मात्र सगळ्यांपेक्षा जास्त. "आत्या, तुम्हाला माझी पोळी सोसत नाही ना, म्हणून वेगळं केलंय," असं गोड बोलून वाढायची. आत्याने रुसून पाहिलं, रडून पाहिलं, चपाती काही सुटली नाही. 'राजूची चपाती' म्हटलं की आजही त्या घरात माणसं गप्प होतात. आणि सूर्यभान हे सगळं लहानपणापासून बघत आलेला होता.

सेंटर उघडलं तेव्हा कॉम्प्युटर सूर्यभानचे आणि डोकं राजेश्वरीचं. कॉलेजची पोरं यायची, कानाला हेडफोन लावून पडद्यावर एकमेकांवर गोळ्या झाडायची आणि निघून जायची. पण त्यातली निम्मी पोरं शेजारच्या अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या गावांची. सुट्टी लागली की ती घरी जाणार आणि सेंटर ओस पडणार. राजेश्वरीच्या मनात आलं, पोरं गावी गेली तरी खेळ इथेच का असू नये? खेळ चालवणारं मशीन, ज्याला ती सर्व्हर म्हणते, ते आपल्या गाळ्यात ठेवायचं आणि पोरांनी आपापल्या घरी बसून त्यात शिरायचं.

ऐकायला सोपं वाटतं. ते अवघड का आहे हे तिने मला समजावलं, कारण बाकी कुणी ऐकून घेत नव्हतं. "काका, हा नेटचा डबा आहे ना, राउटर, त्यात एक वॉचमन बसलेला असतो. त्याला फायरवॉल म्हणतात. आतला माणूस बाहेर गेला तर तो अडवत नाही. पण बाहेरचा कुणी आपणहून आला की त्याला हाकलतो. चोर येऊ नयेत म्हणून ते बरोबरच आहे. पण माझी पोरंही बाहेरूनच येणार. म्हणून त्याला सांगून ठेवायचं, या अमुक दाराने येणाऱ्यांना सोड आणि थेट कोपऱ्यातल्या मशीनपाशी नेऊन घाल. बाकीची दारं बंद."

त्याहून मोठी अडचण केबलवाल्याची होती. त्याने अख्ख्या गल्लीला मिळून नेटवरचा एकच पत्ता दिलेला. बाहेरून येणाऱ्याला गल्ली सापडायची, गाळा सापडायचा नाही. आम्हाला स्वतंत्र पत्ता पाहिजे, असं सांगायला ती गेली तर केबलवाला म्हणाला, "तुझ्या घरच्या कुणा बाप्याला पाठव." दुसऱ्या दिवसापासून राजेश्वरी जेवणाचा डबा घेऊन त्याच्या ऑफिसात बसू लागली. भांडण नाही, तक्रार नाही. जेवायच्या वेळेला तिथेच डबा उघडायची आणि त्यालाही शेंगदाण्याची चटणी द्यायची. शेवटी त्यानेच कंटाळून वर फोन केले आणि पत्ता आणवला. आता त्याच्या घरचा कॉम्प्युटर बिघडला की तो हिला फोन करतो. ही अजूनही त्याच्याशी एक अक्षर बोलत नाही. "घरच्या कुणा बाईला द्या फोन," म्हणते आणि सगळं त्याच्या बायकोला सांगते.

मग दर दसऱ्याला टूर्नामेंट भरू लागली. 'सीमोल्लंघन' हे नाव तिनेच ठेवलं. अकोल्याची पोरं अकोल्यातून, श्रीरामपूरची श्रीरामपुरातून, भिंगारचीही एक टीम असायची, आणि सगळी येऊन भिडायची ती आमच्या गल्लीतल्या त्या कोपऱ्यातल्या मशीनवर. संध्याकाळी पोरं गाळ्याबाहेर उभी राहून पडदा बघायची. माझ्या दुकानाची पायरी त्यांनी भरून जायची आणि मी उगाच ओरडायचो.

आता पूजेचं सांगतो. सूर्यभानच्या घरी दसऱ्याला यंत्रं झोपवायची रीत आहे. ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, पाण्याची मोटर, सगळं बंद करायचं, पुसायचं, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची आणि दुपार टळेपर्यंत हात लावायचा नाही. सेंटरमध्येही त्याने तेच चालू केलं. राजेश्वरी कॉम्प्युटर बंद करू द्यायची, पण राउटरपुढे स्वतः उभी राहायची. "दादा, याला मी लावते कुंकू," म्हणत एक बोट टेकवायची आणि दिवे लुकलुकत ठेवायची. संध्याकाळी टूर्नामेंट असताना चालता डबा बंद करायचा धोका नको, एवढंच तिचं कारण, पण ते सूर्यभानने कधी विचारलं नाही. बायकांची काहीतरी श्रद्धा असेल, असं तो समजला.

या गुढीपाडव्याला सेंटर वरच्या मजल्यावर मोठ्या हॉलमध्ये गेलं. राजेश्वरीने पुण्याच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून मोठा राउटर मिळवला. या राउटरची एक खोड होती. त्याला जे सांगाल ते तो लगेच ऐकतो, पण लक्षात ठेवत नाही. शेवटी 'हे सेव्ह कर' अशा अर्थाची एक ओळ लिहावी लागते. ती राहिली आणि डबा बंद करून पुन्हा लावला, की मागच्या खेपेला जिथे सेव्ह केलं होतं तिथे परत. राजेश्वरीची पद्धत अशी, की सगळी दारं उघडून आधी चालवून बघायचं, आणि एकदा विश्वास बसला की मगच ती ओळ लिहायची. पाडव्यापर्यंत हॉलमधल्या कॉम्प्युटरांचं नेट तिने सेव्ह केलं होतं. बाहेरच्यांना आत घेणारी सगळी कलमं लिहून झाली होती, उत्तम चालली होती, आणि उद्घाटन आटोपलं की ती सेव्ह करायची असं तिने ठरवलं होतं.

उद्घाटनाला मला आमंत्रण नव्हतं. मी पेढ्यासाठी गेलो. पाहुणे म्हणून आबासाहेब आले होते, भावकीतले वजनदार गृहस्थ, सगळ्या सोसायट्यांवर असतात. सूर्यभानने माईक हातात घेतला.

"लोक इचारत्यात, ह्ये सगळं जमवलं कुनी. मी येकट्यानं जमवलं. मोबाईलवर बघून बघून, सोताच्या हातानं. लई कष्ट घेतलं."

आबासाहेबांनी राउटरपाशी उभ्या असलेल्या राजेश्वरीकडे बोट केलं. "आन ही कोन?"

"ही आमची राजू, भिमाजीआप्पांची. काउंटरवर बसती, चहापान्याचं बघती." आणि तसाच माईकवर तिला म्हणाला, "राजू, आबासाहेबांच्या चहाचं बघ गं जरा."

पैशाचं भांडण असतं तर भावकीने बसवून मिटवलं असतं. हे नावाचं होतं. हॉलमध्ये तिची कॉलेजची पोरं होती, मैत्रिणी होत्या, तिची आई मालनबाई पुढच्या खुर्चीवर नवं लुगडं नेसून बसली होती. राजेश्वरी हसली. तिने चहा आणून दिला. मग सूर्यभानला दाराशी बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, एक काम राहिलंय. विचारशील तेव्हा सांगेन."

"तुला काय इचारायचं? सगळं चालू तर हाय," तो म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला. तिने पासवर्ड त्याला मोबाईलवर पाठवून दिला, चपला घातल्या आणि जिना उतरली. पुढच्या आठवड्यात ती एका दूध डेअरीच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायला लागली.

उन्हाळ्यात एकदा ती माझ्याकडे झेरॉक्सला आली तेव्हा मी तिला डिवचलं. म्हटलं, काय गं, हातावर हात ठेवून बसलीस? तेव्हा तिने मला ते राहिलेलं काम सांगितलं. ती शेवटची ओळ कशी दिसते तेही माझ्या कॉम्प्युटरवर लिहून दाखवलं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी तिच्या झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, म्हणजे लाईट गेली की खेळ खलास?

"लाईटीने नाही होणार, काका. बॅटरी मीच मोठी बसवून घेतली आहे."

आषाढात एकदा असं वादळ झालं की अर्धं संगमनेर अंधारात गेलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत लाईट नाही. मी दुकानात बसून वरच्या बॅटरीचा जीव कधी जातो याची वाट बघत होतो. एवढ्या मनापासून मी कधी देवाला काही मागितलं नव्हतं. बॅटरी तगली. राजेश्वरीला फोन करून हळहळलो तर ती म्हणाली, "बरं झालं. लाईटीने व्हायला नको, काका. त्याच्या स्वतःच्या हाताने व्हायला पाहिजे. दसरा येऊ द्या." माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगू, तो कौतुकाचा होता.

दसरा आला. या वर्षी राउटरपुढे उभं राहायला कुणी नव्हतं. सूर्यभानने सकाळी सोवळं नेसून सगळी बटणं बंद केली, राउटरची वायर उपसली, ओल्या फडक्याने तो पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडला. प्रसाद खालीही पाठवला. मी तो खाल्ला, आणि गोड लागला.

संध्याकाळी टूर्नामेंट. आबासाहेब पुढच्या खुर्चीवर, हॉल भरलेला, मोठा पडदा लावलेला. सूर्यभानने सगळं चालू केलं. हॉलमधलं नेट सुरळीत होतं, त्यामुळे त्याला आधी काही कळलंच नाही. मग फोन वाजू लागले. अकोल्याची टीम आत शिरेना. श्रीरामपूर शिरेना. भिंगारची पोरं म्हणत होती, सर्व्हर सापडतच नाही. सूर्यभानने केबलवाल्याला फोन केला, तो म्हणाला लाईन ठीक आहे. राउटर बघणारा नगरचा एक माणूस होता, तो सासरी सिन्नरला, फोनवर मागे सनई वाजत होती. दसऱ्याच्या दिवशी कोण कुणाचं यंत्र बघायला येतो? ज्याची त्याची यंत्रं झोपलेली असतात. पासवर्ड सूर्यभानकडे होता, पण किल्ली हातात असली म्हणून कपाटात काय होतं हे थोडंच कळतं.

थोड्या वेळाने तो जिना उतरून माझ्या दुकानात आला. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं.

"काका," तो म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, "कुणाला हाक मारताय? इथे काका कुणी नाही. झेरॉक्स आहे."

"चुकलं, काका. राजूकडं चला ना माझ्यासंगं. येकटा गेलो तर ती बोलायची न्हाई."

मी दुकान बंद केलं. अशा कामासाठी मी पुराच्या पाण्यातूनही गेलो असतो.

दारात मालनबाई होत्या. "ये रे सूर्या, वाट चुकला जनू. बस, जेवूनच जा. दसऱ्याचं दारातनं उपाशी जाऊ न्हाई." सूर्यभानने काकूच्या पाया पडून आपट्याची पानं दिली. आतून राजेश्वरी ओवाळणीचं ताट घेऊन आली. हसतमुख. तिने भावाला पाटावर बसवलं, सावकाश ओवाळलं, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल शोधून टाकला. सूर्यभानच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. तो म्हणाला, "राजू, ते यंत्र..." ती म्हणाली, "आधी जेव, दादा."

ताटं आली. माझ्या ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. सूर्यभानच्या ताटात साधी चपाती, वर तुपाची धार.

त्याने ताटाकडे पाहिलं. आत्याची चपाती त्याच्या डोळ्यांदेखत वाढली जायची, तेव्हा तो पोट धरून हसायचा. आता तो मान खाली घालून एकेक घास गिळत होता आणि राजेश्वरी समोर बसून वारा घालत होती. "अजून एक घे ना, दादा," म्हणून तिने दुसरी वाढली. मी पाच पोळ्या खाल्ल्या. इतकं चविष्ट जेवण मी माझ्या लग्नातही जेवलो नव्हतो.

हात धुताना तो म्हणाला, "राजू, बाहेरची पोरं आत येईनात. आबासाहेब बसल्यात. माझी इज्जत जाईल गं."

"मी काय करणार?" ती म्हणाली. "मी चहापाण्याचं बघायचे."

"काय करू ते सांग."

"ज्या माईकवर म्हणालास, त्याच माईकवर सांग. कुणी केलं ते. माझ्या आईपुढे."

मालनबाईंना घेऊनच आम्ही हॉलवर गेलो. सूर्यभानने माईक घेतला आणि काहीतरी पुटपुटला. राजेश्वरी दारातच उभी राहिली. "मागे ऐकू आलं नाही, दादा." मग त्याने घसा खाकरला. "ह्ये सेंटरचं सगळं काम, सर्व्हर, राउटर, ही टूर्नामेंट, पैल्यापासनं राजेश्वरीनं केलंय. मला त्यातलं काय येत न्हाई. पाडव्याला मी खोटं बोललो." पोरांनी शिट्ट्या मारल्या. मालनबाईंनी पदराने डोळे पुसले. मी जमेल तेवढ्या मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

राजेश्वरी राउटरसमोर बसली. झेंडूची माळ हलकेच बाजूला केली आणि लिहू लागली. मी शेजारी उभा होतो. तिला काही आठवावं लागत नव्हतं. थोड्याच वेळात पडद्यावर अकोल्याच्या टीमचं नाव आलं, मग श्रीरामपूर, मग भिंगार. हॉलमध्ये एकच गलका झाला. तिच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू गेलं होतं आणि दुसरंच काहीतरी होतं, मोकळं. पाडव्यानंतर पहिल्यांदा मला ती तिच्या वयाची दिसली.

मग तिने ती शेवटची ओळ लिहिली, मला उन्हाळ्यात दाखवलेली. मी ती ओळखली. मनात म्हटलं, संपलं बाई, माफ केलंस. थोडं वाईटही वाटलं मला. तिचं बोट एंटरवर टेकलं होतं.

तेवढ्यात मागून सूर्यभानचा आवाज आला. तो पुन्हा आबासाहेबांच्या शेजारी जाऊन बसला होता, फोटोवाला समोर उभा होता, आणि त्याच्या तोंडून ते सवयीनेच निघालं. "राजू, आबासाहेबांच्या चहाचं बघ गं जरा."

तिचं बोट तसंच राहिलं. मग तिने ते उचललं, वरच्या कोपऱ्यातल्या कळीवर नेलं आणि लिहिलेली ओळ एकेक अक्षर करत मागे पुसली. माळ होती तशी सारखी केली. उठली, आणि चहा स्वतः केला, आलं घालून. कप आबासाहेबांच्या हातात दिला आणि त्याच गोड आवाजात सूर्यभानला म्हणाली, "दादा, एक काम राहिलंय. विचारशील तेव्हा सांगेन."

"ते बघू नंतर," तो म्हणाला. त्याचा फोटो चालला होता.

दिवाळी तोंडावर आली आहे. सुट्टीत अकोल्याची सगळी पोरं गावी असतात आणि तिथूनच खेळतात. लक्ष्मीपूजनाला सूर्यभान हॉलमधलं एकूण एक यंत्र बंद करून पुसायला काढतो. त्या दिवशी मी दुकान उघडं ठेवणार आहे.